कॉम्प्युटरमधल्या शांताबाई

चपलांची रांग फणसे यांच्या दारापासून सुरू होऊन खालच्या मजल्यापर्यंत गेली होती. शांताबाई वारल्या त्या दिवशीसुद्धा इतकी माणसं आली नव्हती. स्नेहलतागंजातल्या त्या दोन खोल्यांत बुधवारी दुपारी पावणेचारला पाय ठेवायला जागा नव्हती. बायका सतरंजीवर, पुरुष भिंतीला टेकून आणि उरलेले जिन्यात माना उंच करून उभे. सगळ्यांची तोंडं खिडकीजवळच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे.

कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता. कीबोर्डवर हळदकुंकू सांडून दोन-चार बटणं चिकट झाली होती. माउसपुढे कोणीतरी वाटीभर लवंगेची शेव ठेवली होती, कारण शांताबाईंना ती आवडायची.

तुकोजी फणसे टेबलाशेजारी स्टुलावर बसले होते. वय एकोणसत्तर. वीज मंडळात पस्तीस वर्षं खांबावर चढउतार करून निवृत्त झालेले. गर्दीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते घड्याळाकडे बघत होते.

चार वाजले. कोणी हात लावला नाही, तरी काळा पडदा उजळला. त्यावरचा बाण आपोआप हलला, इकडून तिकडे सरकला आणि थांबला. मग स्पीकरमधून शांताबाईंचा आवाज आला. अगदी त्यांचाच, जरासा त्रासलेला.

"अहो, तो पंखा बंद करा ना जरा."

"माई आली! माई आली!" जिन्यातून ओरडा झाला. एकाने धावत जाऊन पंखा बंद केला. भाद्रपदातल्या उकाड्यात चाळीस माणसं घामाने निथळू लागली, पण कोणी जागचं उठलं नाही. काही क्षणांनी परत आवाज आला, या वेळी बारीक, नाकातून आल्यासारखा. "मला मोकळं करा... मला मोकळं करा..."

पडदा विझला. तुकोजींनी तळवे गुडघ्यांवर दाबून धरले.

आता यंत्रानंद महाराज उठले. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष आणि एका कानात बिनतारी इअरफोन. तो म्हणे दिव्य तरंग ऐकायला.

"सुनो भक्तहो! शरीर म्हणजे काय? हार्डवेअर. आत्मा म्हणजे काय? सॉफ्टवेअर. हार्डवेअर तर जळलं, मग सॉफ्टवेअर जाणार कुठे? जिथे जीव अडकला होता तिथेच! फणसेजी, माईने शेवटचं वर्ष याच यंत्रासमोर काढलं की नाही?"

"काढलं," तुकोजी म्हणाले.

"बस! डाऊनलोड होऊन बसली. आता अपलोड आपल्याला करायचंय. वर!" महाराजांनी छताकडे बोट केलं. चाळीस माणसांनी छताकडे पाहिलं.

उपाय त्यांनी आधीच सांगून ठेवला होता, तो परत सांगितला. परवा शुक्रवारी सर्वपित्री अमावस्या. हे यंत्र लाल कपड्यात बांधून खेडीघाटला नर्मदेत सोडायचं. सोबत शांताबाईंच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या, कारण वासना सोन्यात राहते. विसर्जन महाराज स्वतः करणार. घरच्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं आणि मागे वळून बघायचं नाही. तोवर उद्या गुरुवारी माई फक्त घरच्यांशी बोलणार, खोलीत गर्दी करायची नाही.

"महाराज, एक विचारू का?" दारातून आवाज आला. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी संहिता उभी होती. मूळची जळगावची, इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. "काकू बोलत होत्या तेव्हा मागे कुकरची शिट्टी झाली. परवाही झाली होती. स्वर्गात डाळ शिजायला लावतात का?"

दोघे-तिघे हसले. शेजारच्या वसुधाबाई वळून म्हणाल्या, "ए संहिता, गप बस गं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

"अविश्वासू माणसाला शिट्टीच ऐकू येते, बेटी," महाराज म्हणाले आणि कफनी सावरत निघाले. त्यांचा चेला बंटी वाट करत पुढे. "चलो भिया, चलो, दर्शन झालं. बाजूला व्हा."

माणसं गेली. तुकोजींनी पंखा लावला नाही. शिट्टी त्यांनीही ऐकली होती. प्रत्येक वेळी ऐकली होती. पण त्या शिट्टीचा विचार करायला लागलं की पुढचा विचार यायचा, आणि तो त्यांना नको होता.

शांताबाई जाऊन चार महिने झाले होते. आजारपणाच्या शेवटच्या वर्षात त्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं. मुलगा मनीष बंगळुरूला. त्याची मुलगी स्पृहा सात वर्षांची, तिला मराठी येईना. फोनवर आजी बोलली की नात "हां, ओके" म्हणून फोन बापाकडे द्यायची. म्हणून शांताबाई रोज दुपारी चहानंतर कॉम्प्युटरसमोर बसून तिच्यासाठी एक गोष्ट सांगायच्या आणि ती साठवून ठेवायच्या. सगळ्या झाल्या की एकदम पाठवू, असं म्हणायच्या. चौतीस गोष्टी झाल्या आणि त्या गेल्या. पाठवायचं राहूनच गेलं.

तुकोजींनी त्यातली एकही ऐकली नव्हती. सांगितल्या जात होत्या तेव्हा ते आतल्या खोलीत पेपर वाचत असायचे, आणि नंतर त्यांची हिंमत झाली नाही.

तेराव्याला बंटी आला होता. सियागंजात त्याचं कॉम्प्युटरचं लहानसं दुकान. "काकाजी, महाराजांचा प्रसाद," म्हणून त्याने एक पेनड्राइव्ह हातावर ठेवला. त्यात गरुडपुराण होतं. "रोज लावून द्या, आत्म्याला शांती. मीच लावून देतो, तुम्ही टेंशन नका घेऊ." त्याने तो लावला. पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी आलं. "हे येतंच भिया, नवीन चीज दिसली की मशीन घाबरतं," असं म्हणत बंटीने चार-पाच वेळा बटणं दाबली. जाताना बजावलं, "एक करा. मशीन बंद नाही करायचं. अखंड ज्योत समजा. पडदा विझला तरी चालेल, मशीन चालू पाहिजे."

महिनाभराने महाराज स्वतः आले. डोळे मिटून म्हणाले, "माई सांगते आहे, 'त्यांना एकटं जेवायची सवय नाही.'" तुकोजी तिथेच खाली बसले. हे वाक्य शांताबाईच बोलू शकत होत्या. आणि पितृपक्ष लागला तसा कॉम्प्युटर रोज चार वाजता बोलू लागला.

गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता संहिता आली. तुकोजींनी दार अर्धवटच उघडलं.

"काका, भांडायला नाही आले. चहा द्याल का?"

चहाला नाही कसं म्हणणार? तुकोजींनी आधण ठेवलं. ती ओट्याशी उभी राहिली.

"स्पृहाच्या गोष्टी याच कॉम्प्युटरवर आहेत ना? दुसरीकडे कुठे उतरवून ठेवल्यात?"

"नाही."

"म्हणजे उद्या त्याही नदीत."

तुकोजींकडून साखर दोनदा घातली गेली.

"तीच जर म्हणते मोकळं करा," शेवटी ते म्हणाले, "तर मी कोण अडवणारा? चाळीस वर्षं तिचं मी काही ऐकलं नाही. आता तरी ऐकू दे."

संहिताने कप हातात घेतला. "काका, तुम्ही मंडळात होता. समजा एका घरात सगळी बटणं बंद आहेत, माणसं गावाला गेलीत आणि मीटर फिरतोय. तर?"

"कोणीतरी आकडा टाकलाय. लाइनीला तार अडकवून वीज खेचतोय. दुसरं काय?"

"मग तुम्ही काय करायचात? मीटरला भूत लागलं म्हणून नारळ फोडायचात?"

"वेडी की काय? आधी मेन बंद करायचा. मग तार धरून मागे मागे जायचं, आकडा सापडेपर्यंत. देपालपूरला एकदा अशी तार थेट..." आणि ते थांबले.

संहिता चहा पीत राहिली.

तुकोजी बैठकीत गेले. कॉम्प्युटरच्या मागून इंटरनेटची निळी वायर निघून भिंतीवरच्या डब्यात गेली होती. घड्याळात चारला दहा कमी. त्यांनी वायर दोन बोटांत धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. हा खांबावरचा माणूस, ज्याने वादळात अकरा हजारांची लाइन तोडली होती, त्याच्याने ती करंगळीएवढी वायर ओढवेना.

"काका, मी काढू?"

"नको. माझ्या घरची लाइन आहे."

त्यांनी वायर काढली आणि स्टुलावर बसले. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. पडदा काळाच राहिला. बाण नाही, आवाज नाही. वर पंखा तेवढा फिरत होता आणि तो बंद करा म्हणून कोणी सांगितलं नाही.

"झालं समाधान?" तुकोजींचा आवाज फाटला. "घालवलीस ना? रोज दोन का होईना, वाक्यं ऐकू येत होती मला. खोटी तर खोटी. तुझं काय जात होतं?"

संहिताचे डोळे भरले, पण ती मागे हटली नाही. "काका, वायरीतून काकू येत नव्हत्या. त्या इथेच आहेत, चौतीस गोष्टींत. त्यांचेच तुकडे तोडून तो माणूस तुम्हाला रोज एक घास भरवतोय. आणि उद्या सगळंच पाण्यात टाकणार आहे. मला फक्त तेवढं वाचवू द्या. मग हवं तर माझ्याशी बोलू नका."

तुकोजींनी स्टूल सरकवून तिला जागा दिली. कीबोर्डवरचं कुंकू ओल्या फडक्याने त्यांनीच पुसलं.

तिने आधी गोष्टी आपल्या एका कोऱ्या ड्राइव्हवर उतरवल्या. फक्त आवाजाच्या फायली, बाकी काही घेतलं नाही. मग ती एकेक पायरी दाखवत गेली आणि तुकोजी चष्मा लावून बघत राहिले. बाहेरून काहीही आणलं नाही. जे होतं ते कॉम्प्युटरमध्ये पहिल्यापासूनच होतं.

"हा टास्क मॅनेजर. आत्ता आत कोण कोण काम करतंय त्याची हजेरी. हा बघा, गरुड प्लेयर. पुराण बंद आहे, पेनड्राइव्ह काढलेला आहे, तरी हा जागा. आणि ही यादी बघा, कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उठणाऱ्यांची. त्यातही हा. आता बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी. कोणत्या तारखेला आलाय?"

तुकोजींनी तारीख वाचली. ती तेराव्याची होती. त्या दिवशी बंटीने पेनड्राइव्ह लावताच लाल अक्षरं आली होती, हेही त्यांनी सांगितलं.

"आणि घरचा पहारेकरी?" तिने विंडोजची स्वतःची सिक्युरिटी उघडली. "बघा, पहारा बंद करून ठेवलाय. वर त्याला लिहून दिलंय की गरुड प्लेयरच्या कपाटाकडे बघायचं नाही. तेराव्याला लाल अक्षरं आली होती म्हणालात ना? तो पहारेकरी भुंकत होता. बंटीने त्याचं तोंड बांधलं."

"म्हणजे हे... बाहेरून?"

"बाहेरून. कुठेही बसून, मोबाइलवरून. तुमचा बाण तो हलवतो, तुमच्या फायली तो उघडतो, हवा तेवढा तुकडा वाजवतो. म्हणूनच मशीन बंद करायचं नाही, हा नियम. बंद मशीनमध्ये आत्मा शिरत नाही." मग ती अडखळली. "काका, अजून एक दिसतंय. अलीकडे उघडलेल्या कागदांत एक पत्र आहे. मनीषदादांच्या नावाने. तुम्ही उघडलं होतं?"

तुकोजींनी नाही म्हटलं. संहिता उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि त्यांनी ते एकट्याने वाचलं. शांताबाईंनी लिहून ठेवलेलं, कधी न धाडलेलं. तिसऱ्या ओळीत होतं, 'बाबांना न्यायला ये. त्यांना एकटं जेवायची सवय नाही.'

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला. आता त्यांच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं.

"तिचं पत्र वाचलं त्याने," ते म्हणाले. "माझ्या आधी."

पोलिसांना दाखवायला म्हणून संहिताने सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढले. पहारा परत सुरू केला, गरुडकडे न बघण्याची सूट रद्द केली आणि पूर्ण तपासणी लावली. ती लांबत गेली. दोघांनी शेवेची वाटी संपवली. शेवटी पडद्यावर दोन घुसखोर प्रोग्रॅमची नावं आली आणि खाली काढून टाकायचं बटण.

"तुम्ही दाबा काका."

तुकोजींचं बोट माउसवर थांबलं. हे बटण दाबलं की चार वाजता कोणी हाक मारणार नाही, उद्या नाही, कधीच नाही. त्यांनी बटण दाबलं. मग संहिताने यादीतून गरुड प्लेयर काढला आणि कॉम्प्युटर उठायच्या आधीच होते ती ऑफलाइन तपासणी लावली, म्हणजे कुठे लपून बसलेला असेल तर तोही झोपेतच धरला जावा. पंधरा-वीस मिनिटांत मशीन परत सुरू झालं. हजेरीत गरुड नव्हता. "आता सगळे पासवर्ड बदलायचे," ती म्हणाली, "पण इथून नाही, माझ्या फोनवरून. जुने त्याने पाहिलेत."

ती गेल्यावर तुकोजींनी पहिली गोष्ट लावली, मग दुसरी. नवव्या गोष्टीपाशी ते ताठ बसले.

शुक्रवारी गर्दी दुप्पट होती. खाली गाडी उभी, वर लाल कपडा तयार. तुकोजींनी निळी वायर सगळ्यांसमोर जागेवर लावली आणि स्टुलावर बसले. महाराजांनी पाटल्या मागितल्या.

"आधी ती बोलू दे," तुकोजी म्हणाले.

चार वाजले. "बोल, माई!" महाराज गरजले. पडदा काळा. "बोल माई, निरोप दे!" काहीच नाही. महाराजांनी कानातला इअरफोन दाबला, जरा हलवला, पुन्हा दाबला.

खिडकीत उभी असलेली संहिता खाली वाकून पानाच्या टपरीकडे ओरडली, "काय बंटी भिया, कधीचे मोबाइलवर ठोकताय! नेटवर्क नाही का लागत? वर या ना, आमच्याकडे चांगलं आहे!"

पाच-सहा डोकी खिडकीतून बाहेर निघाली. बंटीने वर पाहिलं, मोबाइल खिशात टाकला आणि चालू लागला. आधी सावकाश, मग भराभर.

"माई रुष्ट झाली!" महाराज म्हणाले. "अविश्वासूचा पाय पडला या खोलीत!"

"रुष्ट नाही झाली," तुकोजी म्हणाले. "ती बोलेल. पण आज कुणाच्या हुकमाने नाही. मी लावतो."

त्यांनी माउस हातात घेतला, नववी गोष्ट शोधली आणि लावली. आधी घसा खाकरल्याचा आवाज. मग शांताबाई.

"स्पृहा, बाळा, आज सियागंजातल्या पोपटाची गोष्ट. एक होता हिंगाचा दुकानदार... अहो, तो पंखा बंद करा ना जरा! रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते. ऐकतच नाहीत बाई. हां, तर त्याच्याकडे होता एक पोपट, पिंजऱ्यात." मागे कुकरची शिट्टी झाली. "हिंगाच्या वासाने पोपटाला सारख्या शिंका. दिवसभर ओरडायचा, मला मोकळं करा... मला मोकळं करा... हॅक्छी!"

आणि शांताबाई स्वतःच खळखळून हसल्या. ते हसणं स्पीकरमधून खोलीभर पसरलं. जिन्यातलं कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आपण पंधरा दिवस हात जोडून ऐकलं," तुकोजी म्हणाले, "तो पोपट होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पेनड्राइव्ह, तेराव्याची तारीख, बांधलेला पहारेकरी, पत्रातली ओळ. संहिताने मोबाइलवरचे फोटो हातोहात फिरवले. वसुधाबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"काकाजी, सासूबाई गेल्या तेव्हा आमच्याकडेही दिला होता हो तो पेनड्राइव्ह. आमच्या मशीनमधून कण्हल्यासारखं येतं. मी तर त्याच्यासमोर रोज दिवा लावते."

"दिवा राहू द्या वसुधाताई. आधी वायर काढा."

महाराज दाराकडे सरकत होते. पण दारात चपलांचा ढीग आणि ढिगापलीकडे माणसं, आणि आज वाट करून द्यायला बंटी नव्हता. "अरे भिया, बैठो ना," एकाने त्यांना शांतपणे सांगितलं, "पोलीस येईपर्यंत आत्म्याबद्दल अजून ऐकू दे." नर्मदेत काय पडणार होतं आणि महाराजांच्या पिशवीत काय राहणार होतं, हे आता कोणाला सांगावं लागलं नाही. यंत्र बुडालं की पुरावा बुडाला. पाटल्या तर घाटापर्यंतसुद्धा पोचल्या नसत्या.

"अहो, आपण सगळेच वेडे नाही हो," जिन्यातला एक म्हातारा म्हणाला, "पण आवाज तिचाच होता ना. कसं नाही म्हणायचं?"

"मीही नाही म्हणालो नाही," तुकोजी म्हणाले. "मला हवं होतं म्हणून मी मानलं. तो चोर आमच्या घरात कॉम्प्युटरच्या दारातून नाही शिरला, माझ्या दुःखातून शिरला. म्हणून सांगतो. गेलेलं माणूस परत येत नाही. कोणी ते आणून देतो म्हणाला, तर रडता रडता का होईना, एकदा वायर काढून बघा. खरं असेल तर वायर काढल्याने खोटं होणार नाही. आणि फुकटचा प्रसाद घरात लावायच्या आधी चार माणसांना विचारा. विचारणं म्हणजे पाप नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं आपापल्या चपला शोधू लागली. बऱ्याच जणांना आपल्या घरचा कॉम्प्युटर आठवला असावा.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात तक्रार लिहून झाल्यावर मनीषचा फोन आला. संहिताने धाडलेल्या चौतीस गोष्टी आणि शांताबाईंचं पत्र त्याला पोचलं होतं. स्पृहाने पोपटाची तीन वेळा ऐकली होती आणि ती घरभर "मला मोकळं करा" ओरडत फिरत होती. "आणि बाबा," तो म्हणाला, "ते पत्रही वाचलं. मी येतोय."

दुसऱ्या दिवशी चार वाजता तुकोजींनी चहा करून घेतला, कॉम्प्युटरसमोर बसले आणि गोष्ट स्वतः लावली. "अहो, तो पंखा बंद करा ना जरा," शांताबाई म्हणाल्या. हे गेल्या वर्षीचं वाक्य आहे, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा आतल्या खोलीतून ते उठले नव्हते, हेही माहीत होतं.

ते उठले आणि पंखा बंद केला.